दहा न्यूटन

सोमवार ते शुक्रवार मी दात करते.
ब्रनोमध्ये, ट्रामच्या डेपोमागच्या प्रयोगशाळेत
परक्या तोंडांचे प्लास्टरचे साचे
फळीवर ओळीने आ वासून बसलेले असतात.
शनिवारी पहाटे डबा भरते, बूट बदलते
आणि टेकडीवरच्या सर्किटवर
गाड्यांचे मागचे पंख मोजायला जाते.

लोक विचारतात, दोन्ही कसं जमतं?
मी म्हणते, काम एकच. फट.

आमच्या मालिकेचा नियम साधा आहे:
मागची झडप पूर्ण उघडली की
पंच्याऐंशी मिलिमीटरची ही चकती
दोन पात्यांच्या मधून जाता कामा नये.
दहा न्यूटनांनी ढकलायची. म्हणजे किती?
किलोभर साखरेची पुडी तळहातावर घ्या, तेवढं.
त्याहून जास्त नाही, राग आला तरी.
कमी नाही, दया आली तरी.

आज सातव्या गाडीला
चकती डावीकडे अडली.
मधे अडली.
उजवीकडे घरच्यासारखी आत गेली.

बाहेर काढली, पुसली, पुन्हा लावली.
पुन्हा गेली.
तिसऱ्या वेळी लुबोशला साक्षीला बोलावलं.
त्याने घड्याळ बघून लिहिलं: सोळा वाजून अकरा.

सकाळची सगळ्यात वेगवान गाडी.
ती चालवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा
टायरच्या ढिगावर बसला होता,
हेल्मेट मांडीवर, आजारी मांजर घ्यावं तसं.

मग ओताकार आला, हात पुसत, फडक्याहून काळे हात.
"स्क्रू सैल झालाय, द्राहोमीरा. कर्बवरून दोनदा उडाली गाडी.
आम्ही काही केलेलं नाही.
आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यात
तो काय विमान उडवणार होता?"

तो खरं बोलत होता.
उजव्या कोपऱ्यातला स्क्रू मी बोटाने हलवून पाहिला होता,
दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता.

पण माझ्या कागदावर हेतूला रकाना नाही.
गेली की नाही गेली, एवढंच.
तिथे चोर आणि कमनशिबी
एकाच मापाचे भरतात,
आणि परतीच्या बसमध्ये कधी कधी
मला हे बरं वाटत नाही.

तो ओरडायला लागला, तोंड पूर्ण उघडलं,
आणि दिसला
वरचा, डावा, पाचवा.
माझा. मागच्या फेब्रुवारीतला.
तीनदा परत आला होता डॉक्टरांकडून, सोबत चिठ्ठी:
पेशंट म्हणतो, पाव चावताना
दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.
निळा कागद लावून शोधत बसले होते मी.
केसाच्या निम्म्याने उंच निघाला.
केसाच्या निम्म्याने, ओताकार,
आणि तुला तीन आठवडे झोप नव्हती.

हे मी बोलले नाही.
बोलले असते तर तो हसला असता,
हसण्यात माझा दात चमकला असता,
आणि मग लुबोशला काय लिहायला सांगितलं असतं?

सही कर, म्हटलं.
त्याने केली. माझं पेन खिशात घालून निघून गेला.
दहा पावलांवरून परत आला, पेन दिलं,
माझ्याकडे न बघता.

रात्री उशिरा त्यांच्या गॅरेजात दिवा होता.
फाटक बंद करताना दिसलं,
बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून
त्याने स्वतःची चकती केलेली,
कडा कानशीने घासलेल्या,
आणि पोरगा टॉर्च धरून उभा.

रविवारी शेवटच्या जागेवरून सुटायची होती सातवी गाडी.
त्याआधी तपासणी.
डावीकडे अडली. मधे अडली.
उजवीकडे मी जरा जास्तच वेळ
धरून राहिले, दहा न्यूटन, मनगट दुखेपर्यंत.
अडली.

ओताकार बाजूला उभा होता,
तोंड घट्ट मिटून.